आत कोणी उतरायचं नाही

मीटरबाई अग्निशमन केंद्राच्या फाटकातून आत आली की बाकावरचे जवान चहाचे कप घेऊन उठत. मान देण्यासाठी नव्हे. तिच्याबरोबर एका छताखाली चहा प्यायचा नाही असं त्यांचं आपसांत ठरलं होतं. ती हॉलमध्ये जाऊन खोकी उघडेपर्यंत सगळे बंबाच्या आडोशाला उभे राहून कप रिकामे करत, मग एकेक करून पाय ओढत आत येत आणि भिंतीला टेकून बसत.

"पुढे या," ती म्हणे.

"इथून दिसतंय," कोणीतरी म्हणे, आणि बाकीचे छताकडे बघत.

मीटरबाई हे नाव त्यांनीच पाडलेलं. आपत्ती व्यवस्थापन खात्याने सगळ्या अग्निशमन केंद्रांना नवं सामान पाठवलं होतं. त्यात हवेतला विषारी वायू ओळखणारे, हातात मावणारे मीटर होते, टाकीत ताजी हवा सोडणारे ब्लोअर होते, माणूस खाली-वर करायला कप्पी लावलेल्या उंच तिपाया होत्या. सामानाबरोबर नव्या सूचनाही आल्या होत्या. बंद टाकीत, गटारात, खड्ड्यात हवा तपासल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. खाली माणूस तडफडत असला तरी नाही. आणि अशा जागी तिच्यासारखा खात्याचा प्रशिक्षक हजर असेल तर उतरायचं की नाही, यावर शेवटचा शब्द त्याचा, केंद्रप्रमुखाचा नव्हे. ही शेवटची ओळ तिने वाचून दाखवली तेव्हा केंद्रप्रमुख खुर्ची मागे ढकलून हॉलमधून निघून गेला होता.

केंद्रप्रमुख तिचा थोरला दीर होता.

पूर्वी ती याच केंद्रात वायरलेसवर बसायची. नवरा इथेच जवान होता, दीर प्रमुख. एकाच घरातली तिघं एकाच नोकरीत, म्हणून लोक कौतुक करायचे. मग रंगाच्या कारखान्यात एक कामगार सांडपाण्याच्या टाकीत पडला. दिराने धाकट्या भावाला हाक मारली, "उतर!" धाकट्याने तोंडाला रुमाल बांधला आणि शिडीवरून खाली गेला. तो वर आला तो भावाच्या खांद्यावर, शुद्ध हरपलेला. जगला, पण फुप्फुसं जळून गेली ती गेलीच. तेव्हापासून तो खिडकीशी बसलेला असतो आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढला की भिंत धरतो.

चौकशी झाली. सगळ्यांनी एकच सांगितलं, वायूची कल्पना येणं शक्यच नव्हतं. तिची पाळी आल्यावर ती म्हणाली, "कारखान्याच्या वॉचमनने फोनवर सांगितलं होतं, टाकीतून उग्र वास येतोय. मी ते वायरलेसवर कळवलं. समोरून ‘ऐकलं’ असं उत्तर आलं."

‘ऐकलं’ म्हणणारा आवाज कोणाचा, हे तिला कोणीतरी विचारलं आणि तिने तेही सांगितलं. दिराची बढती गेली, त्याच्यावर ठपका आला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. जाऊ दाराआडून बोलू लागली. सासूबाई मात्र समोर उभं राहून म्हणाल्या, "माझ्या एका लेकाचा श्वास गेला, दुसऱ्याची अब्रू गेली. पहिलं नशिबाने केलं. दुसरं तू केलंस."

खरी सल नवऱ्याची होती. "दादाने स्वतः उतरून मला बाहेर काढलं. ते नाही सांगितलंस."

"तेही सांगितलं. ते कोणी ऐकून घेतलं नाही."

"मग पहिलंही सांगायचं नव्हतंस," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला. इतकी वर्षं झाली, तो वळलेलाच होता.

खात्याने प्रशिक्षणाची जागा काढली तेव्हा तिने अर्ज केला, सगळ्या परीक्षा दिल्या, आणि नेमणूक झाल्यावर आपण होऊन याच केंद्राची मागणी केली. खात्याच्या साहेबांनी विचारलं, "तिथे तुम्हाला पाण्यात पाहतात ना?" ती म्हणाली, "म्हणूनच."

ती गोड बोलणारी बाई नव्हती. पट्टा नीट न बांधणाऱ्या जवानाला ती सगळ्यांसमोर म्हणे, "तुझ्या बायकोला बोलावून घे. तिलाच शिकवते. तुझ्यानंतर घर तिलाच बघायचंय." जवानांच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा बंबाच्या ड्रायव्हरने, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, शेजाऱ्याच्या बुटावर मीटर धरून विचारलं, "बाई, ह्याच्या मोज्यांत उतरायला परवानगी आहे का?" हॉल खदखदून हसला. ती शांतपणे म्हणाली, "मोजे काढ, हवा खेळू दे, पुन्हा तपास. प्रक्रिया तीच." एक पोरगेला जवान चुकून हसला आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेला तास मान वर केली नाही.

पिठाच्या गिरणीमागच्या स्टार्च कारखान्यातून फोन आला तेव्हा तिचा वर्गच चालू होता. भर दुपार होती. जमिनीखालच्या टाकीत दोन कामगार पडले होते. भोंगा वाजला, दीर आणि जवान बंबाकडे धावले. तिने मीटर उचलला आणि ती बंबात मागे चढली. कोणी सरकून जागा दिली नाही. ती उभ्यानेच गेली.

कारखान्याच्या अंगणात ही गर्दी. टाकीचं तोंड म्हणजे जमिनीतलं एक चौकोनी भोक, त्यातून लोखंडी शिडी खाली अंधारात गेलेली. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. एप्रन घातलेली एक बाई कठड्याला धरून ओरडत होती, "माझा भाऊ आहे तो! बोलतोय अजून! ऐका ना, बोलतोय!"

दिराने ऐकलं. त्याने टोपी फेकली आणि शिडीवर पाय टाकला.

तिने मीटर दोरीला बांधून आत सोडला. तो अर्ध्यावर जायच्या आत किंचाळू लागला.

"साहेब, वर या."

"बाजूला हो." कित्येक वर्षांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"आत हवा नाही. विष आहे. वर या."

"जिवंत माणूस आहे खाली!"

"अजून आहे. तुम्ही गेलात तर तीन होतील." तिने वाकून त्याचा पट्टा मुठीत धरला. तिला त्याला ओढून काढणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. त्याने हिसडा दिला. ती गुडघ्यांवर आपटली, पण पट्टा सोडला नाही. "ढोल्या, ब्लोअर लाव!" ती ओरडली.

ढोल्या हलला नाही. तो साहेबांकडे बघत राहिला.

दिरानेही वर पाहिलं, पण ढोल्याकडे नाही. शिडीच्या तोंडाशी तो पोरगेला जवान उभा होता. साहेब उतरतायत म्हटल्यावर मागोमाग आपण, हे तो धरूनच चालला होता. त्याने खिशातून रुमाल काढला होता आणि तो तोंडावर बांधून मागे गाठ मारत होता.

दीर त्या रुमालाकडे बघत राहिला. मग शिडीवरून वर आला, त्या जवानाच्या तोंडावरचा रुमाल ओरबाडून काढला, चेंडूसारखा चुरगाळून लांब भिरकावला आणि सगळं अंगण दणाणेल असा ओरडला, "ब्लोअर लाव म्हणाली ना ती! बहिरे झालात का?"

मग जे शिकवलं होतं ते सगळं झालं. नीट झालं, पण झटपट नाही झालं. ब्लोअरची नळी आत गेली, तिपाई उभी राहिली, एका जवानाने पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवला, दुसऱ्याने त्याचा पट्टा ओढून बघितला. त्या मधल्या वेळात कण्हणं थांबलं.

सगळ्यांना ते ऐकू आलं. ब्लोअरच्या घरघरीतही ऐकू आलं. एप्रनवाली बाई मीटरबाईवर धावून आली, तिचे केस धरले, तिच्या तोंडावर मारलं. "तो मरतोय! मरतोय तो, आणि तू यंत्र बघत बसलीयस!" मीटरबाईने हात वर केले नाहीत. मीटरवरचा आकडा खाली येत होता. मास्क घालून खाली उतरण्याइतकी हवा निवळल्यावरच तिने मान हलवली.

पहिला वर आला तो एप्रनवालीचा भाऊ होता. तो गेला होता. दुसरा, ज्याचा कोणाला आवाजही आला नव्हता, त्याच्या नाकाशी हात धरल्यावर ऊब लागली. तो जगला.

गर्दीतून पहिला दगड आला तो बंबाच्या काचेवर. दुसरा तिच्या कपाळावर लागला. जवानांनी तिला बंबात ढकललं. कोणी विचारलं नाही, लागलं का. ढोल्याने मात्र गाडी इतक्या जोरात काढली की फाटकाचा खांब वाकला.

आठवडाभर गावभर एकच बोलणं होतं, मीटर बघत बसली आणि माणूस मारला. दूधवाल्याने दूध घालायचं बंद केलं. सासूबाई म्हणाल्या, "आता कळेल." काय कळेल ते त्यांनी सांगितलं नाही, पण समाधान लपवलंही नाही. तिला स्वतःला झोप लागत नव्हती. आधी उतरलं असतं तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा सगळं आठवून बघे. प्रत्येक वेळी तिने बरोबरच केलेलं असे, आणि प्रत्येक वेळी ते कण्हणं थांबे.

चौकशी बसली. आता बाकावर ती होती आणि आत साक्ष द्यायला दीर. केंद्रात कोणालाच शंका नव्हती की आज तो सगळं वसूल करणार. जाऊ नवी साडी नेसून नवऱ्यासोबत आली होती. दीर बाहेर आला, तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेला. जाऊ मागोमाग गेली, पण तिचा चेहरा उतरला होता.

तो आत काय बोलला, ते तिला संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं. ढोल्या येऊन त्याला सांगून गेला होता.

"दादा म्हणाला, मी उतरतच होतो. तिने अडवलं. उतरलो असतो तर माझ्यामागे माझी पोरं उतरली असती, आणि आज तुम्ही इथे आमच्या बायकांची समजूत काढत बसला असता." नवरा श्वास घ्यायला थांबला. "त्यांनी विचारलं, पण तो माणूस वाचला असता का? दादा म्हणाला, मला माहीत नाही, तिला माहीत नाही, आणि तुम्हाला तर जन्मात कळणार नाही." तो पुन्हा थांबला. "वाचवलं त्याने तुला. जा, पाया पड."

"खरं सांगितलं त्यांनी. त्यात उपकार कसले?"

"बघ! हेच! हेच तुझं!" त्याला खोकल्याची उबळ आली. तिने पाणी पुढे केलं, त्याने ते बाजूला सारलं, मग घेतलं. बराच वेळ तो पेला हातात धरून बसला.

"त्या दिवशी मला असं कोणी अडवलं असतं ना," तो म्हणाला, "तर मी त्याला जन्मभर शिव्या घातल्या असत्या."

"माहीतेय."

"त्याच्या घरी जाऊन. तिसऱ्या मजल्यावर राहत असता तरी. जिना चढून जाऊन घातल्या असत्या."

पेला त्याने तिच्या हातात दिला नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

तिच्यावर ठपका आला नाही. केंद्रातलं कोणी येऊन अभिनंदनही केलं नाही. पुढची तुकडी सुरू झाली तेव्हा वर्गात दीर येऊन बसला. प्रमुखांना हे प्रशिक्षण सक्तीचं नव्हतं. का आलात, असं तिने विचारलं नाही. शेवटी अंगणातल्या सरावाच्या टाकीवर परीक्षा झाली. त्याने हवा तपासली, पट्टे ओढून बघितले, जवान खाली सोडला, वर घेतला. हात सफाईने चालत होते. सगळे बघत होते.

"नापास," ती म्हणाली.

दीर दोर हातात धरूनच तिच्याकडे वळला.

"काय?"

"माणूस आत असताना हवा पुन्हा तपासली नाहीत. पहिल्यांदा चांगली असली म्हणजे चांगली राहते असं नाही."

त्याचं तोंड लालबुंद झालं. "तू लग्न होऊन या घरात आलीस त्याच्या आधीपासून मी टाक्यांत उतरतोय!"

"म्हणूनच नापास."

तो जे बोलला ते जवानांनी पुढे बरेच दिवस एकमेकांना कुजबुजून सांगितलं. त्याने लाथेने बादली उडवली आणि ऑफिसात जाऊन दार आपटलं. ढोल्या मीटर पुसत म्हणाला, "बाई, तुम्ही ह्या केंद्रात जिवंत राहता कशा?" त्याच्या आवाजात प्रेम नव्हतं, पण कुतूहल खरं होतं.

पुढच्या परीक्षेला दीर पुन्हा आला. तिच्याकडे न बघता त्याने तिच्या हातातून मीटर जवळजवळ हिसकावून घेतला, आत सोडला, आकडा मोठ्याने वाचला, जवान खाली पाठवला. मग कप्पीच्या दोरावर एक हात ठेवून थांबला.

"आता पुन्हा..." तिने सुरुवात केली.

"कळतं मला," तो खेकसला, आणि मीटर पुन्हा आत सोडला.