गिरणीवाली की कंडक्टर?

माझा धाकटा भाऊ कागलला असतो. म्हशी आणि सिनेमा या दोन गोष्टींवर त्याचा जीव. तरुणपणी तालमीत घुमलेला, त्यामुळं साधा वाद घालतानासुद्धा तो शड्डू ठोकूनच बसतो. आणि मी त्याची कोल्हापुरातली अक्का, माझ्याही जिभेला हाड नाही. आमच्यात एकच भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. आमच्या उमेदीच्या काळात ज्या नटनट्यांना सर्वोत्तम अभिनयाचे पुरस्कार मिळाले, त्यांत अव्वल काम कुणाचं?

माझी पसंती गिरणीवालीला. पिठाची गिरणी चालवणारी विधवा. मुलगा गेल्याची बातमी येते तेव्हा गिरणी चालू असते. ती गिरणी थांबवत नाही. समोरच्या बाईचं दळण पुरं करते, डब्याला झाकण लावते, डबा तिच्या डोक्यावर चढवून देते आणि मग बटण बंद करते. एक शब्द नाही, एक हुंदका नाही. गिरणी थांबल्यावर थेटरात जी शांतता पसरली होती, ती मला अजून आठवते. बाई गं, काय काम केलंय!

भावाची पसंती कंडक्टरला. नजर अधू होत चाललेला बसचा कंडक्टर, नोकरी जाईल म्हणून कुणाला कळू देत नाही. उतारूंना आवाजावरून ओळखतो, ओळखता आलं नाही की चेष्टा करून वेळ मारून नेतो. शेवटी रिकाम्या गाडीत एकटाच "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत चालत राहतो. हे वाक्य भाऊ गोठ्यात म्हशींपुढे म्हणायचा, आणि म्हशी खरंच सरकायच्या.

"अक्का, नट म्हंजे आवाज," तो म्हणायचा. "गप बसायला काय अक्कल लागती? आमची म्हस बी गप बसती की!"

या वादाला कायदा तालमीतला. कुस्ती निकालीच झाली पाहिजे, बरोबरीत सोडवायची नाही. आणि कंटाळून कुणी "बरं बाबा, तुझंच खरं" म्हटलं, की दुसऱ्यानं ओरडायचं, "नुरा!" आधी ठरवून हरलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. नुरा झाली की वाद पहिल्यापासून सुरू. त्यामुळं तो कधी संपलाच नाही.

दिवाळीनंतर भावाला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, वाचा मात्र परतेना. डॉक्टर म्हणाले, येईल, पण यांनी प्रयत्न केला पाहिजे. नेमका तोच हा करेना. बोलायला शिकवणारी मुलगी "म्हणा, पाणी" म्हणाली की हा भिंतीकडं तोंड फिरवायचा. ज्याची हाक पार हायवेपर्यंत जायची, त्याला आपल्याच बोबड्या आवाजाची लाज वाटत होती.

भावजय रडकुंडीला आली. फोनवर म्हणाली, "वन्सं, तुमी तरी त्यास्नी बोलतं करा. माझं काय बी ऐकत न्हाईत."

मी गेले. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी भावकीतल्या उखाळ्यापाखाळ्या काढून पाहिल्या, म्हशींची चौकशी केली. तो आपला आढ्याकडं बघतोय. आवाजाला देव मानणारा माणूस, आणि देवानं त्याचाच आवाज काढून घ्यावा? त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी त्याचा हात हातात घेतला.

"जाऊ दे बाबा," मी म्हणाले. "तुझंच खरं. कंडक्टरच भारी. नट म्हंजे आवाजच. मी चितपट."

मला वाटलं, हसेल. पण त्यानं हात हिसडून काढून घेतला. डोळे लाल झाले, मानेची शीर ताठली, वाकडे ओठ थरथरायला लागले. भावजय चुलीपुढून धावत आली.

"नु..." त्याच्या तोंडून आलं. लाळ गळत होती, पण त्याला फिकीर नव्हती. "नु... नु... रा!"

भावजयीनं तोंडाला पदर लावला. मलाही हुंदका आला होता. पण तिथं रडत बसले असते तर तीही कुस्ती नुराच झाली असती. मी डोळे पुसले, पदर खोचला आणि आवाज चढवला.

"व्हय रं? गिरणीवालीच्या पायाची सर न्हाय त्या कंडक्टरला! असं काय मोठं केलंय त्यानं? सांग की!"

त्याला वेळ लागला. भावजयीनं मध्ये काही बोलू नये म्हणून मी तिचा हात दाबून धरला.

"फु... फुडं," तो म्हणाला. मग दम घेतला. "फुडं... स... सरका."

गिरणीवालीची शपथ घेऊन सांगते, त्या नटालासुद्धा ते वाक्य असं म्हणता आलं नव्हतं.