बरणीतले तडीपार

आमचे फौजदार माशांच्या पेटीवर नखानं टकटक करायचे आणि आतल्या माशाला बजावायचे, "चोवीस तासांत हद्द सोडायची." मग बाह्या मागे सारून, न्हाणीतला तांब्या पाण्यात घालून, त्या बोटभर जिवाला धरायचे आणि खिडकीतल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडायचे. मासा तिथं एक-दोन दिवस गोल फिरायचा आणि उलटा व्हायचा. फौजदार म्हणायचे, "हवा मानवली न्हाय त्याला."

ते फौजदार कधीच नव्हते. माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ एका सरकारी कचेरीत कारकून होते. गुंडांच्या तडीपारीचे हुकूम टाइप करण्यात त्यांची नोकरी सरली. सही साहेबाची, धरपकड पोलिसांची आणि रुबाब मात्र यांचा. गल्लीनं चेष्टेत फौजदार म्हटलं, यांनी ते खरं धरलं आणि मिशा वाढवल्या. एखादा खरा हवालदार समोरून आला तर हेच रस्त्याची कड धरायचे, ते मी पाहिलं आहे.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात सोप्यात माशांची पेटी ठेवायची टूम निघाली होती. निवृत्त झाल्यावर फौजदारांनीही आणली. तिच्यात लांब, झिरझिरीत परांचा एक संथ एंजल मासा होता. घरात त्याला सगळे 'पदरवाली' म्हणत. आणि होते अर्धा डझन टायगर बार्ब. अंगावर काळे पट्टे, चपळ आणि बेरकी. हे वाघ पदरवालीचे पर कुरतडायचे. जो कुरतडताना दिसेल तो बरणीत जायचा. मग उरलेल्यांतला एखादा पहिल्यापेक्षा वाईट निघायचा, की तोही बरणीत. गल्लीतले लोक सकाळी दारातून विचारत, "फौजदार, आज कोण तडीपार?" फौजदार सुनावणी झाल्यासारखं उत्तर देत. चेष्टा त्यांना कळत नसे.

एकदा ते शाहूपुरीतल्या दुकानदाराकडे भांडायला गेले. मीही बरोबर होतो.

"गुंड माल दिलास," फौजदार म्हणाले.

"माल बरा हाय की पावणं," तो म्हणाला. "तुम्ही एकेक काढताय, म्हणून उरल्यालं चवताळत्यात. ही कळपातली जात. दहा-बारा ठेवा, मग आपापसात धरत्यात, हिच्याकडं बघायला सवड ऱ्हात न्हाय. न्हायतर हिला दुसऱ्या पेटीत नीट ठेवा. पन वाघ कमी करू नगा."

"गुंड वाढवून गाव शांत हुतंय व्हय रं?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. पुढे दर लग्नात, दर जेवणावळीत फौजदार हे वाक्य ऐकवायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "पावणं हुतं की तिथं, इचारा." मी मान हलवायचो. दुकानदाराचं म्हणणं मला तिथंच पटलं होतं. पण बायकोच्या माहेरी जावयानं तोंड उघडायचं ते जेवायला, असं मी ठरवून टाकलं होतं.

शेवटी पेटीत एकच वाघ आणि पदरवाली उरली. पर झिजून तिच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. एका रविवारी फौजदारांनी तांब्या घातला आणि पदरवालीलाच उचललं. "हिच्यापायीच सगळा तंटा," म्हणाले. "तंटा मिटवायचा तर माणूस हलवायचा." पेटी खरोखरच शांत झाली. फौजदारांनी त्या आनंदात मला दुसऱ्यांदा चहा पाजला.

त्यांच्या घरात दोन सुना होत्या. थोरला मुलगा सैन्यात, दूर कुठंतरी सीमेवर. त्याची बायको, आमची थोरली, लहान मुलीला घेऊन सासरी राहायची. धाकटा मुलगा आणि धाकटी सून तिला रोज थोडंथोडं टोचत. तिची वाळत घातलेली लुगडी खाली पडलेली असायची, तिच्या भाजीत मीठ दोनदा पडलेलं असायचं. ती फारसं बोलत नसे. एका दुपारी मी सोप्यात बसलो होतो. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मुलीसाठी झाकून ठेवलेलं दूध धाकटीनं मोरीत ओतलं, भांडं तिथंच उपडं केलं, आणि मग ओरड केली की थोरली दूध नासवते आणि आळ माझ्यावर घालते.

फौजदारांनी पेटीशेजारी बैठक घेतली. थोरली मुलीला कडेवर घेऊन दाराला टेकून उभी होती. फौजदारांनी मिशीवर हात फिरवला. "पावणं, तुम्ही मोठं. तुम्हीच सांगा."

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी मी कुठं बसलो होतो, ते तिला माहीत होतं.

मी म्हणालो, "थोरलीला काही दिवस शिरोळला माहेरी जाऊ दे. घर शांत होईल."

ते काही दिवस संपलेच नाहीत. मुलगा रजेवर आला, बापाचं ऐकलं, आणि शिरोळला न जाताच परत गेला. पावण्यारावळ्यांत एकच वाक्य फिरलं, की थोरलीनं घर फोडलं. ते आजही फिरतं. पुढच्याच वर्षी धाकट्यानं फौजदारांना सोप्यातून मागच्या खोलीत हलवलं. तंटा मिटवायची रीत तो बापाकडूनच शिकला होता. फौजदार तिथंच वारले. ते दुष्ट नव्हते. दुष्टपणाला लागते तेवढीही छाती त्यांना नव्हती. त्यांच्या दिवसकार्याला मला बोलायला सांगितलं. मुक्या जिवांवर माया करणारा माणूस गेला, असं मी म्हणालो, आणि पंगतीला बसलो.

गेल्या उन्हाळ्यात मी शिरोळला गेलो. थोरली ओसरीवर शिलाई मशीनवर बसली होती. मुलगी नोकरीला लागली आहे. थोरलीनं उठून पाणी दिलं, माझ्या बायकोची चौकशी केली आणि पुन्हा शिवायला बसली. मी म्हणालो, "त्या दिवशी दूध कुणी ओतलं, ते मी पाहिलं होतं."

तिनं मशीन थांबवली नाही.

"मला म्हाईत हाय की मामा. मला कशाला सांगताय? तिथं सांगायचं."

ती बैठक आता भरणार नाही. पण त्या घरातली, आमच्या पावण्यारावळ्यांतली माणसं हे वाचतील, म्हणून इथं सांगतो. दूध धाकटीनं ओतलं. मी ते पाहिलं. थोरलीनं घर फोडलं नाही.