जांभळ्या बोटाचे हवालदार

माणसाला चेहऱ्यापेक्षा त्याच्या पांढऱ्या पेशींवरून ओळखणारा सबंध साताऱ्यात एकच गृहस्थ आहे, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मुलांनो, मी फोन फिरवून बाग दाखवते तेव्हा फाटकाशी ताठ उभे असतात, ते हवालदार. त्यांनी नोकरीभर सैन्याच्या इस्पितळात रक्त तपासलं. निवृत्तीनंतर स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला आणि तो स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी ठेवला. गल्लीतल्या एका मुलीसाठी स्थळ आलं, तेव्हा लोकांनी त्यांना मुलाचा फोटो दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यात काय कळतंय? रक्ताची काचपट्टी आणा." पेशी रंगवून त्यांची बोटं कायम जांभळी असतात. त्यामुळे मतदान केंद्रावरून त्यांना एकदा परत पाठवलं. ते न भांडता घरी आले, स्पिरिटने बोट घासलं आणि पुन्हा गेले. तेव्हा अधिकाऱ्यांचा संशय आणखीच वाढला.

एका वर्षी सांगलीला तुमच्या आजोबांच्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं. आपल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, असं आजोबांचं स्वतःचं मत होतं. त्यांच्या पायाला काटा लागून सूज आली होती, अंगात कसर होती. रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशींचा आकडा मर्यादेत होता, म्हणून मी तो तारखेप्रमाणे फाइलला लावला आणि बॅगा भरल्या. छापील आकड्यावर माझा शाळेपासून विश्वास आहे.

हवालदार निरोप द्यायला आले. त्यांनी हात मिळवायला म्हणून आजोबांचा हात धरला आणि बोटाला सुई टोचली. याला आम्ही सरावलो होतो. अर्ध्या तासाने ते अनवाणी परत आले.

"वैनी, सांगली ऱ्हाऊ द्या. दवाखान्यात चला."

मी फाइल उघडून आकडा दाखवला.

"आवं, हजेरी पुरी हाय. पर उभं कोण हाय, ते बघा की."

त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी नेलं. आधी स्वतःच्या रक्ताची पट्टी लावली: नीटस गोल पेशी, आत बारीक दाणे आणि दोऱ्याने जोडल्यासारखे केंद्रकाचे तीन-चार तुकडे. मग आजोबांची. तिथल्या पेशी सुजल्या होत्या. दाणे जाड आणि काळपट झाले होते, मध्येच भोकं पडली होती. कितीतरी पेशींत केंद्रकाचे तुकडेच झाले नव्हते, ते घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं होतं.

"हे रंगरूट," हवालदार म्हणाले. "ट्रेनिंग अर्धंच झालंय. जवान कमी पडल्याबिगर शरीर असली पोरं लढाईला धाडत न्हाई."

मी बॅग उघडून आजोबांचा फेटा बाहेर काढला आणि रिपोर्टची फाइल आत ठेवली. आजोबा रिक्षात बसले ते दवाखान्यातून परस्पर एसटी स्टँडवर जायचं, या अटीवर. हवालदार रिक्षावाल्याशेजारी बसले. संसर्ग रक्तात उतरला होता. आजोबा नऊ दिवस दवाखान्यात होते. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं. लग्न वेळेवर लागलं. आजोबांना ते अजून पटलेलं नाही.

आता हवालदारांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. मायक्रोस्कोप त्यांनी स्वतः आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सवयीच्या हाताने पट्टी रंगवतात, आजोबा कुरकुरत बोट देतात आणि मी बघून सांगते. ते खिडकीकडे तोंड करून ऐकतात.

"नालेवाल्या किती?"

"एखाददुसरी."

"तेवढी असतीच. दाणं?"

"बारीक."

"भोकं?"

पूर्वी मी हे सगळं एका दमात सांगून टाकत असे. पण उत्तर पुरं झालं की ते उठतात, भिंतीला हात लावत आपल्या रिकाम्या घरी जातात. म्हणून हल्ली भोकं मी फार सावकाश शोधते.