आईपुढचा लाल दिवा

परवा मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासासरशी मी साठ वर्षं मागे, गाड्यांचं वायरिंग करायच्या माझ्या पनवेलच्या दुकानात जाऊन पडलो.

समोर करंजा बंदरावरच्या धर्मा कोळ्याची मासळीची व्हॅन उभी. पाट्यांतलं खारं पाणी सीटखालून ठिबकत होतं. काचेशी एकवीरा आईचा फोटो, त्यापुढे मीच बसवलेला लाल दिवा. त्याचा फ्यूज आठवड्यात दोनदा उडाला होता.

"मिस्त्री, आईपुढचा दिवा इझला का माजा जीव थाऱ्यावर रात नाय," धर्मा म्हणाला. "तुमी असा जोडा, का परत इझला नाय पायजे."

फ्यूज का उडतो ते शोधायला सीट काढावी लागली असती. मला भूक लागली होती. मी फ्यूजच काढून टाकला आणि वायर थेट बॅटरीला जोडली. दिवा लागला. धर्माने हात जोडले, आधी आईला, मग मला.

चौथ्या दिवशी दुपारी कर्नाळ्याजवळ तो व्हॅन सावलीला लावून आत झोपला. खाऱ्या पाण्याने रबर खाल्लेली ती वायर सीटखाली पेटली. धर्मा बाहेर आलाच नाही.

लोक म्हणाले, आईचा कोप. मी ते खुशाल म्हणू दिलं.

फ्यूज असता तर नुसता दिवा विझला असता.