मरळ अलग मासा हाय

मी नागपूरच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. प्रथिनांच्या घराण्यांचा धडा आला की अंगठा आणि तर्जनी ताणून मुलांना दाखवतो: या बोटांसारखे दोन पीळदार दांडे, मध्ये वळण, वळणात कॅल्शियम धरलेलं. ही पकड ज्या प्रथिनात दिसेल, ते बहुतेक कॅल्शियम धरायचंच काम करतं. माशाच्या स्नायूतही असं एक असतं. ते कॅल्शियम उचलतं आणि आखडलेला स्नायू सैल पडतो. मासा कोणताही असो, काम तेच, म्हणून घडणही जवळपास तीच. ज्याच्या अंगाला एका माशाची ही घडण सोसत नाही, त्याला दुसऱ्याचीही बहुधा सोसत नाही. शिजवूनही ती फारशी मोडत नाही.

हे मला पाठ होतं. तरी त्या दिवशी पारशिवनीला, आईच्या घरी, मी ते सांगितलं नाही.

धाकट्या भावाचं नुकतंच लग्न झालेलं. ताट पाहून त्याची बायको हळूच म्हणाली, "आई, रोहू खाल्ला की माह्ये ओठ सुजते. मले नको."

"रोहू कुठी हाय वं? मरळ हाय, एका काट्याचा. माहेरी पाहिला नसशीन." आई हसत माझ्याकडे वळली. "तू त हेच शिकवतं ना गा? सांग तिले."

आमच्यात भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. मी आईकडेच पाहून म्हणालो, "मरळ अलग मासा हाय."

वाक्य खोटं नव्हतं. चारचौघांत आईला खोटं पाडायचं नव्हतं, म्हणून पुढचं मी गिळलं. माझ्या शब्दावर तिनं घास घेतला. थोड्याच वेळात तिचा आवाज घोगरा झाला, मग श्वास अडकायला लागला. भावानं गाडी काढली. दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. आई म्हणत राहिली, नव्या नवरीला दृष्ट लागली. मीही मान हलवली.

यंदा भावाच्या प्रताप नगरच्या घरी गेलो आणि रिवाज बाजूला ठेवून, त्याच्यासमोर, त्याच्या बायकोला सगळं सांगितलं.

"तवा काहून नाही बोलले?"

"आईले वाईट वाटलं असतं."

ती म्हणाली, "मी त आजवर सगळ्याइले सांगून राहिली होती, दादाले माहीत नसंल म्हणून."

भाऊ उठून गॅलरीत गेला.

आता आमच्याकडे जेवायला आली की भाजीत काय काय पडलं ते ती विचारून घेते, माझ्या बायकोला. मी शेजारीच बसलेला असतो.