मुखवट्याच्या आतलं पान

पुस्तक फाडणाऱ्या पोराला मी आयुष्यात कधी माफ केलं नाही. जव्हारला शाळेत शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण फाटकं पान दिसलं की माझा पारा चढायचाच. घरी तर त्याहून वाईट. दिवाळी अंक, मासिकं, लेकीची जुनी पुस्तकं, सगळं पलंगाखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या टेबलाखाली रचलेलं. लेक म्हणायची, "आई, रद्दीवाल्याला बोलव, नाहीतर आता आपल्यालाच बाहेर झोपावं लागेल." मी म्हणायची, "झोप की अंगणात. वारा छान येतो." रद्दीवाल्याला मी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही ते नाहीच.

या चिकटपणाचं मूळ सूर्यमाळच्या बाजूला, आमच्या पाड्यावर आहे. आमच्या घराकडे बोहाड्यातलं एक सोंग असतं. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. होळीनंतर कधीतरी होतो. कुणाच्या घराकडे गणपतीचं सोंग, कुणाकडे देवीचं, आणि आमच्याकडे राक्षसाचं. हे ठरलेलं, बापजाद्यांपासून चालत आलेलं. ज्याचं सोंग त्याच्याच घरातल्या माणसानं नाचवायचं आणि मुखवटाही घरातच करायचा. आमचे बाबा नाचायचेही आणि मुखवटाही करायचे.

मुखवटा कागदाचा. कागद भिजवायचा, उखळात मेथ्यांबरोबर कुटायचा, चिंचोक्याची खळ घालून मळायचा आणि राख भुरभुरवलेल्या मातीच्या साच्यावर थापायचा. उरलेल्या लगद्यावर आईचा डोळा असायचा. विरलेली बांबूची टोपली ती त्यानं लिंपून घ्यायची आणि पुढे वर्षभर नाचणीचं पीठ त्यात. मुखवटा फुटला तर तो टाकायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. तोच भिजवायचा आणि नव्या लगद्यात मिसळायचा. दह्याला विरजण लावतात ना, तसं. म्हणजे राक्षस तोच राहतो, असं बाबा म्हणायचे.

अडचण एकच, पाड्यावर कागद होता कुठे? वाण्याकडून मीठ-मिरची बांधून आलेला चिठोरासुद्धा बाबा कुडात खोचून ठेवायचे.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाड्यावरून चौथी पास होणारी मी पहिलीच पोरगी. माझं चौथीचं मराठीचं पुस्तक मला तोंडपाठ होतं, तरी मी ते रोज उघडायची. कव्हर निघालं होतं, ते आईच्या लुगड्याच्या काठानं शिवलं होतं. एका दुपारी मी करवंदं वेचून घरी आले तर उखळात माझं पुस्तक. म्हणजे पुस्तक कसलं, करडा चिखल नुसता. काठाची चिंधी तेवढी बाजूला वाळत घातलेली.

मी असा गळा काढला की शेजारच्या बाया धावत आल्या. कुणाला साप चावला म्हणून!

बाबा खरंच गोंधळले होते. म्हणाले, "अगं बाय, पास झालीस ना तू? मग संपलं ना पुस्तक?" त्यांना वाटलं होतं, भात झोडून झाल्यावर पेंढा उरतो तसं पास झाल्यावर पुस्तक उरतं. दाणे घरात आले, आता पेंढ्याचं काय करायचं ते करा. शाळेचा उंबरा कधी न चढलेल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं की, वाचलेलं पुस्तक पुन्हा वाचतात.

आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा नाही आलं. ती अख्खी सुट्टी मी बाबांशी बोलले नाही. बोहाड्यात सोंग निघालं, सगळा पाडा त्या मुखवट्याच्या पाया पडला, मी तोंड फिरवून उभी राहिले. पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, बाबांशी बोलणंचालणं सगळं नीट झालं. पण बोहाड्याला मी कधी गेले नाही. दर वर्षी काही ना काही कारण काढायची, आणि ते नुसतं निमित्त आहे हे बाबांना कळायचं. मला सगळं कळूनही मी ते मनातून काढू शकले नाही. हट्टीच आहे मी, काय करणार.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा फोन आला. बाबांचे पाय थकल्यापासून सोंग तोच नाचवतो. म्हणाला, "ताई, राक्षसाला वाळवी लागलीय. कपाळाला भोक पडलंय. बोहाडा महिन्यावर आला. नवा केला नाही तर यंदा आपलं सोंग निघायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि बाबा पुढचा बोहाडा बघतील असं वाटत नाही गं. ते म्हणतात, कागद ताईकडे आहे."

कागद ताईकडे आहे! एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

मी मासिकांचा गठ्ठा बांधला आणि एसटीनं निघाले. आता खरं ते सांगून टाकते. मी गठ्ठ्यात जुने दिवाळी अंक घातले नाहीत. लेकीची पुस्तकं घातली नाहीत. फुकट येणारी गुळगुळीत रंगीत मासिकं होती, दागिन्यांच्या आणि फ्लॅटच्या जाहिरातींची, ती घातली. मला नकोच होती ती.

बाबा ओट्यावर बसले होते. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, हात थरथरत होते. म्हणाले, "मी सांगतो, तू कर." मी ऐटीत पानं फाडली, वहिनीनं आणून ठेवलेल्या दोन हंड्यांत भिजवली. चार दिवस झाले तरी पानं जशीच्या तशी. कुटली तर माशाच्या खवल्यांसारखे तुकडे झाले, लगदा होईना. बाबांनी चिमूट बोटांत चोळली आणि मान हलवली. "हा कागद पाणीच पीत नाही, बाय. खरखरीत पायजे. चोपडीचा, पुस्तकात असतो तसा."

दोन हंडे पाणी वाया गेलं. सूर्यमाळला त्या दिवसांत एका हंड्यासाठी किती चालावं लागतं ते मला काय सांगायचं, मी तिथेच वाढले. ते पाणी वहिनीनं चिंचेच्या बुंध्याशी ओतलं आणि चुंबळ डोक्यावर ठेवून पुन्हा निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती येईपर्यंत काहीतरी करावं म्हणून मी जुना मुखवटा भिजवायला घेतला. रीतीप्रमाणे तोही लगद्यात जायचा होता. वाळवीनं खाल्लेलं कपाळ हातानं तोडलं, उलटं केलं, आणि तशीच बसले.

आतल्या बाजूला, कपाळाच्या जागी, एक अख्खं पान चिकटवलेलं होतं. कुटलेलं नाही, अख्खं. घामानं आणि तेलानं काळं पडलेलं, एक कोपरा वाळवीनं नेलेला. पण शाई फुटली तरी वाचता येत होतं. माझं नाव. इयत्ता चौथी. खाली आमच्या पाड्याचं नाव, वेलांटी चुकलेली. चौथीत पहिल्यांदा शाईचं पेन हातात आलं तेव्हा गुरुजींनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं होतं ते.

"बाबा, हे पान..."

"आहे का अजून?" त्यांनी हात पुढे केला. "दर नव्या मुखवट्याला जुन्यातनं सोडवून परत लावायचो."

"पण तुम्हाला वाचता येत नाही. यावर माझं नाव आहे हे कसं कळलं?"

"नाव आहे व्हय त्यावर?" ते म्हणाले. "मला काय ठाऊक! बाकीची पानं छापलेली, सगळी सारखी. हे हातानं लिवलेलं. पुस्तक तुझं, म्हंजे हातही तुझाच. तुझ्या हातचं कसं कुटू? नाचताना कपाळाला लागायचं ते."

मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई, पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडले. मग राग आला, स्वतःचाच. मी म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं माझं नाव राक्षसाच्या डोक्यात होतं?"

"राक्षसाला जरा अक्कल यावी म्हणून," बाबा म्हणाले, आणि त्यांना हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जव्हार गाठलं. माळ्यावरचे सगळ्यात जुने दिवाळी अंक काढले, पिवळे पडलेले, खरखरीत. लेक डोळे विस्फारून बघत राहिली. पाण्याचे दोन कॅनही भरून घेतले. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडीत पाणी?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं गुपचूप तिकीट फाडलं. पाड्यावर पोचल्यावर कॅन आधी वहिनीच्या पुढ्यात ठेवले.

माझ्या हातानं मी ते अंक फाडले. पहिलं पान फाडताना जीव गलबलला, खोटं कशाला बोलू. मग हात चालायला लागला. एका रात्रीत कागद पाणी प्यायला. बाबा ओट्यावरून बोलत होते, मेथ्या वाढव, नाकाला जाड थर दे, आधी सावलीत वाळव, मग उन्हात. त्यांची बोटं माझ्या थापलेल्या गालांवरून फिरायची आणि जिथं कच्चं असेल तिथंच थांबायची. वहिनी उरलेल्या लगद्याकडे बघून म्हणाली, "माझी टोपली विसरू नका हां."

मुखवटा वाळल्यावर मी माझं पान आत लावायला घेतलं. कोपरा गेला होता तिथं जागा रिकामी दिसत होती. मी बाबांना म्हटलं, "इथं आता तुमच्या हातचं पाहिजे."

"मला लिवता कुठं येतं?"

मी अख्ख्या तालुक्यातल्या पोरांना अक्षरं गिरवायला लावली, आणि माझ्या बापाच्या हातात पाटी कधी दिली नाही. वहीचं कोरं पान फाडलं, वाटीत गेरू कालवला, त्यांचा अंगठा त्यात बुडवला आणि कागदावर टेकवला. थरथरीमुळे ठसा जरा फरफटला. तो माझ्या नावाशेजारी खळीनं चिकटवला.

त्या वर्षी मी बोहाड्याला गेले. बाबांना खाटेसकट मांडवाजवळ आणलं होतं. संबळ घुमू लागला तेव्हा त्यांची बोटं खाटेच्या लाकडावर ताल धरत होती. सकाळी उजाडता उजाडता आमचा राक्षस निघाला. मी सगळ्यांच्या आधी पुढे झाले आणि वाकून त्याच्या पाया पडले. भाऊ मुखवट्याच्या आतूनच म्हणाला, "बास गं ताई, नाचू दे."

नाचून झाल्यावर त्यानं मुखवटा उतरवला. घामानं निथळत होता. अंगठ्याचा गेरू ओला होऊन त्याच्या कपाळावर लाल उमटला होता, जरासा फरफटलेला. वहिनी पदर घेऊन पुसायला पुढे झाली.

"थांब," मी ओरडले. "पुसू नको."

त्याचा हात धरून मी त्याला खाटेपाशी नेलं आणि बाबांचा अंगठा उचलून त्याच्या कपाळावर ठेवला. बाबांना दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय आहे?"

"तुमच्या हातचं आहे, बाबा," मी म्हटलं.