शाळेच्या चढावर थांबलेली ट्रॉली

भुतं-देव-चमत्कार यातलं काही मी मानत नाही. घरात कुणी अंगारा आणला तरी मी चिडते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण पाहिलं ते पाहिलं.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून जवळच. शाळेचं गेट कॅनॉलच्या पुलाकडे जाणाऱ्या चढावर आहे. एका बाजूला खोल चारी, म्हणजे कॅनॉलचा पाट, दुसऱ्या बाजूला वडापावच्या टपऱ्या आणि त्यांच्यापुढे आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. चारीकडच्या वीतभर साईडपट्टीवरून पोरांनी चालायचं! गतिरोधक आणि फूटपाथसाठी आम्ही आया ग्रामपंचायतीत जाऊन जाऊन थकलो होतो.

गेल्या वर्षी साखर कारखाना चालू झाल्यावरची गोष्ट. सकाळी मी माझ्या ओवीला आणि शेजारच्या चार मुलांना घेऊन निघाले होते. साईडपट्टीवर बुलेट लावलेली, म्हणून आम्ही डांबरावर. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चढत होता. गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली, की कानाचे पडदे फाटावेत.

खण्णकन आवाज झाला. मागच्या ट्रॉलीची पिन तुटली होती. ट्रॅक्टर तसाच पुढे गेला, ड्रायव्हरला पत्ताच नाही... आणि भरलेली ट्रॉली उलटी, आमच्या अंगावर यायला लागली.

पळायचं कुठं? इकडे चारी, तिकडे गाड्या. मी मुलांना पोटाशी ओढलं.

ट्रॉली थांबली. हात लांबवला असता तर उसाला लागला असता, इतक्या जवळ. भर उतारावर. चाकाखाली दगड नाही, काही नाही. फक्त ऊस करकरत होता.

"पळा!" मी म्हणाले. मुलं ट्रॉलीच्या बाजूनं निसटून गेटकडे पळाली, मागोमाग मी. मी गेटच्या आत पाय टाकला मात्र, ट्रॉली पुन्हा सुटली. त्या बुलेटचा चुराडा करून चारीत आडवी झाली.

मी मुलं मोजली, पाचही होती. आणि लोक? ऊस उपसून खात होते! मोबाईल काढून शूटिंग करत होते. ओवी रडत होती, तिला पाणी द्यायचं एकालाही सुचलं नाही. ड्रायव्हर परत आला, तोंडात गुटखा. मी विचारलं, "ब्रेक लागला असेल का आपोआप?"

तो हसला. "ट्रॉलीला ब्रेकच न्हाई ना मॅडम! कुनाच्याच नसतो."

हसत सांगत होता. शिसारी आली मला.

पुढच्या आठवड्यात त्या जागी शेंदूर फासलेला दगड आला. मग हार, नारळ, मग पत्र्याचं शेड... बरोब्बर साईडपट्टीवर. म्हणजे पोरांची होती नव्हती तेवढी वाटही गेली. मी तणतणत सरपंचांकडे गेले. म्हटलं, "शेड काढा आणि आधी गतिरोधक टाका."

"अहो ताई, देवानंच वाचवलं की पोरांना," ते म्हणाले. "आता गतिरोधक कशाला?"

मी अनेकांना विचारलं. गॅरेजवाल्याला, शाळेतल्या सायन्सच्या सरांना, इंजिनिअर भावाला. चाक खड्ड्यात अडलं असेल म्हणावं, तर तिथं खड्डा नव्हता. मग कशानं थांबली आणि मुलं आत गेल्यावरच का सुटली... कुणालाच सांगता आलं नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

कालचीच गोष्ट. शेडला वळसा घालून आम्ही डांबरावरून चाललो होतो. शेडमध्ये बसलेले एक आजोबा ओवीवर खेकसले, "ए पोरी, चप्पल काढ! देवाची जागा हाय."

भर रस्त्यात ती वाकून चप्पल काढायला लागली. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. मी तिला दंडाला धरून ओढलं आणि चपलेसकट गेटात नेलं.